थोरलीची जागा

१ डिसेंबर

श्री गुरुदेव दत्त. आजपासून आमचं घर चाकांवर!

हे रिटायर झाल्यापासून दत्तक्षेत्रं करायची म्हणत होते. मला धर्मशाळेच्या गाद्या नकोत आणि हॉटेलांची बिलंही नकोत. तेव्हा ठरलं, नारायण पेठेतला फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि राहण्याजोगी गाडी घ्यायची.

दिवाळीपासून गाड्याच बघत होतो. पहिली भली थोरली बस, आत सोफा, टीव्ही, सगळा थाट. हे खूश. मी म्हटलं, आपल्या गल्लीच्या तोंडाशीच अडकेल, मग तिथेच उभ्याने दत्तदर्शन करा. दुसरी म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची खोली. ह्यांनी आयुष्यात स्कूटरवर सिलिंडर सोडून काही वाहून नेलेलं नाही, ते खोली काय ओढणार! तिसरी छोटी, छप्पर वर उचलायची. पूजेला बसलं की डोकं बिछान्याला लागायचं आणि शेगडीला खेटून संडास. नैवेद्य कुठे दाखवायचा विचारलं, तर एजंट म्हणतो, काकू, पडदा लावता येतो. नमस्कार केला आणि निघालो.

अभिनव, आमचा मुलगा, बंगळूरहून सांगत होता की रिकामी व्हॅन घ्या आणि आतलं तुमच्या मनासारखं करून घ्या. पण तयार मिळत असताना सुताराला कशाला पोसायचं? मांजरी गावच्या हिंमतरावांची गाडी पाहिली आणि पसंत केली. आत ताठ उभं राहता येतं, शेगडी खिडकीशी, संडास पार मागच्या टोकाला, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे पक्का बसवलेला सागवानी देव्हारा. शिवाय भांडीकुंडीसकट दिली. हिंमतराव म्हणाले, आमच्या मंडळींनी हातानं मांडलेलं हाय सारं, वहिनी, काय बी हलवू नका. मंडळी म्हणजे सत्यशीलाबाई. दोन वर्षांपूर्वी गेल्या.

हा महिना हिंमतरावांच्याच उसाच्या कडेला गाडी लावून राहायचं. मला सवय, ह्यांचा हात साफ. मग वाडीला प्रस्थान. गृहप्रवेशाचं दूध उतू घालायला ठेवलं, ते काठापर्यंत आलं आणि खाली बसलं. गॅस कमी असेल.

४ डिसेंबर

मांडणी खरंच सोयीची आहे. चहाचा डबा हात घातला की मिळतो, झारा जिथे हवा तिथेच टांगलेला. पण ह्यांनी ते किती वेळा बोलून दाखवावं! काय डोकं असेल त्या बाईला, म्हणे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माझ्या ओट्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. मिसळणाचा डबा मी मुद्दाम डावीकडे हलवला. सकाळी पाहते तर हेच तो उचलून उजवीकडे ठेवताहेत. घरात मीठ कुठे असतं ते ज्यांना ठाऊक नव्हतं, ते!

५ डिसेंबर, मार्गशीर्षातला गुरुवार

देव्हाऱ्याखालचा खण पुसताना एक चांदीचा टाक सापडला. काळा पडलेला. पीतांबरीने घासला तशी देवी उमटली, उभी, ठसठशीत कुंकवाची. कुणाची कुलदेवता अशी खणात पडून राहिलेली पाहून जिवाला लागलं. आमच्या देवांत बसवली, पुरणाचा पहिला नैवेद्य तिलाच दाखवला.

दुपारी ह्यांनी गाडी फिरवायला काढली. पहिल्याच खड्ड्याला टाक उडून शेगडीखाली. देव पायदळी! मग काळ्या दोऱ्यात ओवून माझ्याच गळ्यात घातला. झाकणाची डबी मिळेल तेव्हा मिळेल, गळ्यातून काही पडत नाही. हे म्हणाले, शोभतो तुला, हेमा. माझ्या दागिन्याकडे लक्ष जायची ह्यांची ही पहिलीच वेळ. उगाच खोटं कशाला लिहू, लाजले.

९ डिसेंबर

ह्यांच्या शेजारची सीट मी रोज पुढे ओढून घेते, नाहीतर माझे पाय टेकत नाहीत. रोज ती पुन्हा मागे गेलेली असते. कुणीतरी उंच बाई बसते तिथे. आज सीटवर अबोलीचा गजरा होता, ताजा. मी अबोली माळत नाही. विचारलं तर हे म्हणतात, तूच नाही का मंडईतून आणायला लावलास? मी गेला आठवडाभर मंडईचं नावही काढलेलं नाही.

हिंमतरावांची सून रुपाली रोज ताकाचा तांब्या घेऊन येते. काका, काका करत पुढच्या दाराशी उभी राहते. उंच आहे. ह्या वयात मला हे बघायचं होतं? जेवले नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

रुपालीला ऐकवलंच. म्हटलं, बाई गं, ताक पुरे, फुलं तुझ्या नवऱ्याला दे. ती चिडेल वाटलं होतं. ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली. मग तिनेच विचारलं, काकू, आमच्या सासूबाईंना गळ्यात कशापायी घातलंय?

तो देवीचा टाक नाही.

सासूबाई गेल्यावर हिंमतराव दुसरं लग्न करणार होते. त्यांच्यात पहिलीचा टाक करतात आणि दुसरीने तो गळ्यात घालायचा. पहिला घास तिला, नवं लुगडं आधी तिच्या अंगाला लावायचं. घालताना म्हणायचं, थोरले, तू पुढे, मी मागे. ठरलेल्या मुलीने घालायला नकार दिला, लग्न मोडलं, टाक गाडीतच राहिला. रुपाली म्हणाली, काकू, घालणारीचा नवरा आधी थोरलीचा असतो.

आणि मी तिला नैवेद्य दाखवला. पहिला. माझ्या हाताने.

गाठ सुटेना, कात्रीने दोरा कापला. टाक रुपालीच्या हातावर ठेवायला गेले तर तांब्या टाकून पळाली. खणात ठेवला. ह्यांना काही सांगितलं नाही.

१३ डिसेंबर

ऊन खात वेणी घालत होते. हे मागून आले. किती वर्षांनी मानेवर हात ठेवला. वाटलं, बरं झालं, गेली ती. टाक ओवलेला नवा दोरा होता ह्यांच्या हातात. बांधून टाकला आणि म्हणाले, काढू नकोस, थोरलीला राग येईल.

मी ह्यांना सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं –

१५ डिसेंबर

हे सकाळी दोन कप चहा गाळतात. दोन्ही पुढे घेऊन जातात. माझा कप घडवंचीवर उपडाच.

मधला पडदा लावून घेतात. हसतात. माझ्याशी असे कधी हसले नाहीत. मी तेहतीस वर्षं ह्यांच्या डबे-औषधांत – आणि ती नुसती बसते. नुसती शेजारी बसते!

जपाला बसले. नाम तोंडात येईना. थोरले, थोरले, असंच –

१६ डिसेंबर

म्हटलं, परत पेठेत जाऊ. भाडेकरूच्या हातापाया पडते. हे माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्यातून पलीकडे खिडकीकडे बघतात.

अभिनवला फोन लावला. तो म्हणाला, आई, आत्ता तर बोललो आपण व्हिडिओवर. बाबांशेजारी पुढे बसली होतीस. अबोली छान दिसत होती तुला.

म्हटलं, ती मी नव्हे रे –

त्याला ऐकूच गेलं नाही. हॅलो, हॅलो करून ठेवला.

१७ डिसेंबर

गाडी निघाली. मला न सांगता. ऊस मागे गेला.

पुढे जायला वाट आहे, पण पाय उचलत नाहीत. गार पडलेत, चांदीच्या पत्र्यासारखे. देव्हाऱ्याशी उभी आहे. गळ्यात टाक नाही. दोरा तुटलेला नाही. मग टाक कुठे –

बांगड्या आपटतेय ह्यांच्या पाठीमागच्या फळीवर. अहो. अहो!

हे म्हणाले, हेमा, मागे काहीतरी वाजतंय का गं?

मी ओरडले. पण उत्तर पुढच्या सीटवरून आलं. माझ्याच आवाजात. काही नाही हो, तो देव्हाऱ्यातला टाक –