वहिनीचा नॉर्मल रिपोर्ट

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

वहिनीची मान आणि खांदा सारखा दुखतो, म्हणून तिच्या रक्ताचा रिपोर्ट मीच काढला, आमच्याच लॅबमध्ये. सगळं नॉर्मल. धरणगावला आईला फोन करून तसं सांगितलंही. दुसऱ्याच दिवशी आईने वहिनीच्या गळ्यात कापूस वेचायची झोळी अडकवली. "रिपोर्ट चांगला शे, मंग नाटक कसानं?"

दुखणं काही थांबेना, म्हणून आज आमच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, मान-खांद्याचा स्नायू सतत ताणलेला राहिला की तिथे रक्त कमी पोचतं. ग्लुटामेट, सेरोटोनिन अशी दुखणं वाढवणारी द्रव्यं त्या स्नायूतच साचतात. हातातून काढलेल्या रक्तात ती दिसतीलच असं नाही.

मी तर हातातूनच घेतलं होतं. तेव्हा वहिनी दुसऱ्या हाताने खांदा दाबून बसली होती. सुई टोचली तरी तिने तो हात काढला नाही. ते मी पाहिलं. खांद्यावरचा तो हात पाहूनही 'नॉर्मल' म्हणालो. एवढी कसली घाई होती मला?

आत्ता आईला फोन करून सगळं समजावलं. ती हळूच म्हणाली, "मना खांदा बी असाच दुखस रे. मनी सासू बी नाटकच म्हने."