छत्रीवाली आणि काळा पडदा

सोमवार, ४ जून

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

सिनेमा शनिवारी लागला, पण दिसला नाही. यात बिघाड काहीच नाही, असं कंपनीच्या मदत विभागातल्या बाईंनी आज सकाळी मला फोनवर सांगितलं. विकत घेतलेला सिनेमा अण्णांच्या टॅबवर चालतो. जुन्या प्रोजेक्टरला जोडला की चित्र आपोआप बंद होतं, कोणी नक्कल करू नये म्हणून. आम्ही तो विकत घेतलाय, असं मी तावातावाने म्हणाले. बाई गोड आवाजात म्हणाल्या की तुम्ही सिनेमा नाही, तो बघायची परवानगी घेतली आहे.

तर आईअण्णांच्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळं गणगोत हॉलमध्ये अंधार करून बसलेलं आणि समोर काळा पडदा. आवाज मात्र खणखणीत. कोणीतरी धावलं, कोणीतरी रडलं, कपबश्या फुटल्या. मावशीने लगेच जाहीर केलं की आता छत्रीवाली येतेय आणि ती मीच. आईने विचारलं, छत्री आवाजावरून ओळखलीस का?

म्हणजे तो जुना वाद होता तिथेच आहे. तरुणपणी दोघी बहिणी हौसेने त्या शूटिंगच्या गर्दीत उभ्या राहिल्या, आणि नायकाला धक्का देऊन जाणारी छत्रीवाली आपणच, असं दोघी आजवर सांगतात. सिनेमा आठवड्यात उतरला, त्यामुळे पाहिलेला कोणीच नाही. फक्त अण्णांनी, तीनदा. आणि त्या छत्रीवालीचा पत्ता काढत ते आजोबांच्या दारात जाऊन उभे राहिले. मावशीचं खरं निघालं तर तू आणि मी एका चुकीतून जन्मलो, एवढाच प्रश्न आहे!

टॅबवर ती बाई तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. आईने चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि म्हणाली, ही मी असेन, नाहीतर समोरचे काका.

एक गोष्ट मात्र खटकली. अण्णा चिडले नाहीत. साधी कडी अडकली तरी जेवण सोडून उठणारा हा माणूस, जन्मभर लोकांची कुलपं उघडत आला, आणि एवढं मोठं कुलूप समोर आलं तर शांतपणे आइस्क्रीम वाटत होता.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे. वाढला तर आमची हरकत नाही.

तुझी,
चिमणी

शनिवार, ९ जून

प्रिय चिमणे,
अनेक आशीर्वाद.

पत्र क्रेनच्या केबिनमध्ये बसून वाचलं आणि एवढ्या उंचीवर एकटाच हसत राहिलो. खाली हमालांना वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं.

इथल्या दुकानदाराला विचारलं. कंपनी ज्या टीव्हीला ओळखते, त्यावर चित्र दिसतं म्हणे; जुन्या यंत्रांना ती दारातूनच परत पाठवते. भिंतभर टीव्ही मागवलाय, वीस तारखेला तुमच्याकडे पोचेल. एकदाचा निकाल लागू दे. चुकीतून जन्मलो असू तर निदान माहीत तरी हवं. अण्णांनाही कळवतो आहे.

माझ्यावरची माया अशीच ठेव, आणि माझ्या सायकलवरचा हात काढ.

तुझा,
दादा

बुधवार, १३ जून

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टीव्ही पाठवू नकोस. भिंतीला ओल आहे. विजेचाही भरवसा नाही. शिवाय तुझ्या आईला मोठ्या चित्राने गरगरतं.

हे तुला पटणार नाही, म्हणून खरं लिहितो. फोनवर बोललो असतो, पण ती शेजारीच बसलेली असते. सिनेमा घेतल्यावर आधी मी एकट्याने पाहिला, दुकानातलं भिंग डोळ्याला लावून. छत्री डाव्या हातात आहे. आपल्या घरात डावखुरी एकच, तुझी मावशी.

तोवर आमंत्रणं गेली होती. प्रोजेक्टर भाड्याने देणाऱ्याने मला बजावलं होतं की याच्यावर असले सिनेमे दिसत नाहीत, नवा घ्या. मी तोच जुना घेतला. जन्मात पहिल्यांदा एखाद्या कुलपाचे आभार मानले. इतकी वर्षं मी तिला ‘तुझ्या त्या चालीवर भाळलो’ म्हणत आलो. आता कोणत्या तोंडाने सांगू? मला माझ्या संसारात रेसभर बदल नको आहे.

ऑर्डर रद्द कर आणि हे पत्र फाड. माझा जीव तुमच्यात आहे, तुमचाही असू द्या.

तुझे,
अण्णा

शनिवार, १६ जून

चि. बाळास,
अ. उ. आ.

अण्णांनी तुला पत्र पाठवलंय, कारण पाकिटाला डिंक माझ्याकडूनच नेला. आत काय आहे तेही सांगते. टॅबच्या काचेवर भिंगाचा गोल ठसा मीच पुसला. वाढदिवसाला सगळे पडद्याकडे बघत होते आणि मी अण्णांकडे. चित्र दिसत नाही म्हटल्यावर असा खुललेला चेहरा मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

धक्का ताईनेच दिला. मी मागे फुगेवाल्याच्या आड होते. पण छत्री माझी. तिची फाटली होती म्हणून तिने तेवढ्यापुरती मागून घेतली. म्हणजे त्या कंपनीसारखंच, मी तिला वापरायची परवानगी दिली होती, छत्री दिली नव्हती. ती खरंच सांगते, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, याला मी काय करू?

हे पहिल्यांदा घरी आले तेव्हा छत्री दाराशी टांगलेली होती. ही कोणाची, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझी. ती घेऊन चाललं कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. मग चहा घेता घेता दोन तास बसले आणि आमच्या दाराचं कुलूप फुकट दुरुस्त करून गेले. तेव्हा सिनेमाचा विषयसुद्धा निघाला नव्हता.

ऑर्डर रद्द करू नकोस. टीव्ही आला की त्याची वायर आधी मी ताब्यात घेणार. कुलपात नाही, कुलूप म्हणजे त्यांना आमंत्रणच. पिठाच्या डब्यात ठेवीन. वीस तारखेला ताईलाही बोलावलंय. छत्री माळ्यावरून काढून दाराशी टांगली आहे. एक काडी मोडलीय, पण रंग शाबूत आहे.

सगळ्यांवर लोभ ठेव, अण्णांवर या आठवड्यात जरा जास्त. सिनेमा संपला की ते दाराकडे बघतील. ही कोणाची, म्हणून पुन्हा विचारलं तर माझं उत्तर तेच आहे.

तुझी,
आई