पुलाआधीचं मत

प्रिय ढब्बू,

एवढा मोठा सिनेमा काढलास तरी मला दुसरं नाव सुचत नाही, तेव्हा चालवून घे. परवा तुझा फोन आला तेव्हा मी लाँड्रीच्या काउंटरवर होते, कुणाच्या तरी कोटाला नंबर टाचत होते. तू म्हणालास की त्या मुलाखतीच्या कार्यक्रमाला तू हो म्हटलंस. शनिवारी तुला कॅमेऱ्यासमोर बसवणार, त्या गॉगलवाल्या मावशीची क्लिप लावणार आणि ती बघताना तुझं तोंड कसं होतं ते सगळ्या जगाला दाखवणार. तू आजवर ती मुद्दाम बघितली नाहीस, मित्रांनीही बघू दिली नाही, हे मला माहीत आहे. पण निर्माता म्हणाला, हसत हसत निभावलंस तर पुढच्या सिनेमाचं बोलू. तू म्हणालास, आई, मी ठरवलंय, त्या बाईवर चिडायचं नाही. मी फक्त बरं म्हटलं आणि तो नंबर भलत्याच कोटाला टाचला. हे पत्र कुरिअरने पाठवतेय, शनिवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून. फोन केला असता, पण या सिनेमाबद्दल फोनवर मी तुझ्याशी एकदा खोटं बोललेय, दुसऱ्यांदा जीभ रेटली नाही.

इकडचं सगळं ठीक आहे. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, थेंब संपले, काळा चष्माही उतरला. मालकांनी नवीन इस्त्री आणलीय, तिच्या वाफेने दुकानाची काच धुरकटते आणि ते दिवसभर ती पुसत बसतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची धाकटी तुला आठवते ना, ती आता तुझ्या हिरोच्या फॅन क्लबात मोठी पुढारी झालीय. त्याच्यासारखं जॅकेट तिने शिवून घेतलंय आणि ते दर आठवड्याला धुवायला टाकते, एखाद्या गणवेशासारखं. तुझा सिनेमा लागला त्या आठवड्यात लोकांच्या खिशांतून तिकिटांचे तुकडे निघत होते. हल्ली तिकिटं फोनवर असतात, तरी काही म्हातारे माझ्यासारखे खिडकीवरच जातात. धुण्याआधी खिसे तपासताना तुझ्या सिनेमाचं तिकीट निघालं की मी ते काउंटरच्या काचेखाली सरकवायची. दुसऱ्या आठवड्यात एकही निघालं नाही.

धाकटीनेच मला ती क्लिप दाखवली. जॅकेट काउंटरवर टाकून म्हणाली, काकू, ही बघा आमची मावशी, हिने आम्हाला वाचवलं. मला कळेना, वाचवलं म्हणजे काय. मग तिने समजावून सांगितलं, एखाद्या वकिलासारखं. सिनेमा पडणार हे पहिल्या दोन दिवसांत कळलं होतं. सिनेमा पडला की हिरो पडला म्हणतात. म्हणून क्लबाने ठरवलं की सगळं खापर दिग्दर्शकावर फोडायचं. त्यांना एक वाक्य हवं होतं आणि ते मावशीने दिलं. ‘हिरोने जीव ओतलाय हो, पण ही आई नाही, भिंतीवरचा फोटो आहे. ज्याने हे लिहिलं त्याला आई होती की नव्हती कुणास ठाऊक.’ एवढंच. त्यातला पहिला अर्धा भाग त्यांनी आपल्या झेंड्यावर लावला आणि दुसरा अर्धा तुझ्या डोक्यात घातला. त्याचे स्टिकर निघाले, गाणं निघालं, कुणाचाही पडेल चेहरा दिसला की लोक खाली लिहायला लागले, भिंतीवरचा फोटो. आणि रविवारच्या पेपरात आपल्या अडीचवाल्या समीक्षकांनी, ज्यांनी जन्मात कुणाला तीन तारे दिले नाहीत, त्यांनी परीक्षणाचा मथळाच तो केला. वर लिहिलं की एका सामान्य प्रेक्षक स्त्रीने समीक्षकांना जे सुचलं नाही ते एका वाक्यात सांगितलं. तू लहान असताना आपण दोघं त्यांचं सदर मोठ्याने वाचून त्यांना नावं ठेवायचो. त्यांनी अखेर कौतुक केलं ते माझंच.

हो, माझंच. आता लिहून झालं. गॉगलवाली मावशी म्हणजे मी. ऑपरेशनचा काळा चष्मा, धुळीचा त्रास नको म्हणून नाकाडोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ आणि सर्दीने बसलेला आवाज. धाकटीने ओळखलं नाही, आणि तो चष्मा तिच्या डोळ्यांसमोर खिळ्याला लटकत होता. पण तू पहिल्याच शब्दाला ओळखशील. म्हणून शनिवारचं नाव काढलंस आणि तो नंबर भलत्या कोटाला गेला. ढब्बू, सगळ्या जगाने तुला माझ्या शब्दांनी झोडपलं आणि रात्री तू फोन करून मलाच सांगत होतास की लोक असं का बोलतात गं. आणि मी तुझी समजूत काढत होते. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी मी म्हणायचे, लक्ष देऊ नकोस, लोकांना काय कळतं.

आता तू विचारशील, का बोललीस. मी स्वतःला रोज विचारते. एक कारण तुला पटकन कळेल. तू मला मारलंस त्या सिनेमात, आणि तेही खोकवून खोकवून. त्याआधी दीड तास ती बाई खिडकीशी बसून शिवते, उरलंसुरलं खाते, एकदाही हसत नाही. मुलाच्या फीसाठी शिलाई मशीन विकते आणि त्याला मिठी मारून रडते. मशीनला रे, मुलाला नाही. आजूबाजूला लोक मुसमुसत होते, शेजारच्या बाईने मला रुमाल पुढे केला, आणि मी आतून जळत होते. आपलं मशीन विकलं त्या दिवशी मी किती खूश होते ते तुला आठवत नाही? मला शिवण्याचा मनस्वी कंटाळा होता. बाबा गेल्यावर ते माझ्या गळ्यात पडलं होतं, लाँड्रीची नोकरी लागली आणि मी त्याला हसत निरोप दिला. हमाल ते जिन्यावरून उतरवत होता आणि आपण दोघं त्याच्या मागोमाग उतरून थेट सिनेमाला गेलो. मग दर गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीला, जात राहिलो. तुला शाळेतून पोट दुखतं म्हणून आणायची मी. ही बाई कुठे गेली? खोटं बोलून मुलाला सिनेमाला नेणारी, मारामारीच्या सीनला शिट्टी वाजवणारी, तुझ्या वाटचे पॉपकॉर्न खाणारी? मला वाटलं, तुला माझी लाज वाटली. लोकांना दाखवायला तू एक चांगली आई करून आणलीस. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि सिनेमाला नावं ठेवतेय असं दाखवत मी तुझ्याशी भांडले.

दुसरं कारण लिहायला जास्त जड जातं. पायऱ्यांवर दोन पोरं माइक घेऊन उभी होती. त्यांनी विचारलं, काकू, सिनेमा कसा वाटला? आणि मला ते आवडलं. तू तिकडे गेल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. सिनेमे मी बघते, पण परत येताना बोलायला कुणी नसतं. मालकांना सांगावं तर ते काच पुसतात. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं आणि समोर माइक आला, लोक थांबून ऐकायला लागले, एकजण हसला. तो हसला म्हणून मी पुढचं वाक्य बोलले. आई होती की नव्हती, हे मी टाळीसाठी बोलले. मला माहीत होतं की लागेल असं आहे, आणि तरी ते चांगलं जमलं म्हणून मी मनात खूश होऊन घरी आले. तुझी समजूत काढताना मला हे आठवायचं.

आपला नियम मीच केला होता ना? थिएटरमधून बाहेर पडल्यावर पूल ओलांडेपर्यंत सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तू लहानपणी पायऱ्यांवरच सुरू करायचास, आणि मी तुझ्या तोंडावर हात ठेवायची. पायऱ्यांवर माणूस सिनेमाबद्दल बोलत नाही, स्वतःबद्दल बोलतो, असं मी म्हणायची. काय शहाणपण होतं. पुलावरून चालताना तुझं तोंड फुगलेलं असायचं, आणि पलीकडच्या टोकाला हिरवा कठडा संपला की मी म्हणायची, तर? मग तू जो सुटायचास तो घर येईपर्यंत. तुझं मत बदललेलं असायचं बहुतेक वेळा. कधी माझंही.

सिनेमा लागण्याच्या आदल्या दिवशी तू फोनवर म्हणाला होतास, आई, शेवटपर्यंत बस हं. मी हसले, म्हटलं, मी कधी मध्येच उठलेय का रे? आणि रात्री तू विचारलंस, शेवट कसा वाटला? मी म्हटलं, छान होता. मग तू विचारलंस, पूल ओलांडलास ना? मला वाटलं, नियमाचं विचारतोयस. मी म्हटलं, हो तर. आणि विषय बदलला.

मी शेवटपर्यंत बसलेच नव्हते. ती बाई गेली, तिला नेलं, शेजारीपाजारी जमून ती किती सोशिक होती ते सांगायला लागले, तिथे मी उठले. डोळे दुखतायत असं मनाशी म्हटलं. डोळे दुखत नव्हते. परवा तुझा फोन झाल्यावर मालकांना सांगून मी लवकर निघाले आणि पुन्हा गेले. आता तो एकाच थिएटरात आहे, दुपारचा एक खेळ. आत मी होते, मागे एक जोडपं होतं, ते सिनेमा बघायला आलेलं नव्हतं. या वेळी मी बसून राहिले. लोक बोलून उठून जातात. दिवस जातात. मुलगा एकटा सिनेमाला जातो, एकटाच बाहेर येतो. पायऱ्यांवर सगळे बडबडतायत, तो गप्प. आणि मग तो हिरवा कठडा आला. कुठल्या शहरातला पूल शोधलास रे, रंगसुद्धा तोच. तो पूर्ण पूल तोंड फुगवून चालतो. टोकाला येतो, थांबतो, डावीकडे वळून बघतो जिथे मी चालायची, आणि बोलायला लागतो. गाड्यांच्या आवाजात आपल्याला एक शब्द ऐकू येत नाही. हातवारे करतो, मग थांबतो, ऐकतो. आणि खदखदून हसतो, पोट धरून, जसा तू हसायचास. तिथे अंधार.

मी दिवे लागल्यावरही बसून होते. झाडूवाल्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, नाही. मग बाहेर आले, पायऱ्यांवर कुणी माइकवाला नव्हता, असता तरी मी बोलले नसते. आपल्या पुलावरून चालत गेले, कठडा संपेपर्यंत. या पत्रात मी माफी मागायला बसले होते, तीही मागते, शनिवारी तू जा किंवा जाऊ नकोस, त्या बाईला ओळखतोस म्हणून सांग, माझं नाव घे, मी तुला अडवणार नाही. त्यांना हेही सांग की ती शेवट न बघता उठली होती. पण हे लिहायचं खरं कारण वेगळं आहे. तू विचारलं होतंस पूल ओलांडलास का, आणि मी ओलांडलेला नव्हता. आता ओलांडलाय, म्हणून माझं मत देणं लागते. तर. मशीनचा सीन अजूनही खोटा आहे, त्यावर मी हटणार नाही. पण आता कळलं की दीड तास जी बाई दिसते ती लोकांनी सांगितलेली आहे, आणि तुझी आई फक्त शेवटी आहे, दिसत नाही, ऐकू येत नाही, पण तिने काय विनोद केला असेल तो त्या हसण्यावरून कळतो. इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं, आणि ते चालू असताना मी बाहेर पायऱ्यांवर उभी राहून तुला आई होती का म्हणून विचारत होते. पुढच्या गुरुवारी मला सुट्टी आहे. जमलं तर ये, चिडलेला असलास तरी ये. सिनेमा कुठलाही चालेल. कठडा संपेपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही, आणि या वेळी ‘तर’ तू म्हण.

तुझीच,
आई