नानांचं उरलेलं इंग्रजी

॥ श्री एकवीरा देवी प्रसन्न ॥

धुळे,
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानेश्वर यास आईचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. प्रज्ञालाही.

इकडे ठीक आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून नानांच्या जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, सकाळीच घट मांडला. वांगी स्वस्त झालीत.

नानांची तब्येत तशी बरी. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. घास मी भरवते. बोलणं मात्र... मराठी शब्द एक येत नाही. जन्मभर शाळेत शिकवले ते इंग्रजी वाक्प्रचार तेवढे येतात, खडखडीत. परवा लख्ख उन्हात पाणी हवं होतं, तर म्हणाले, "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!" शेजारची कोकिळा हसत सुटली, "अक्का, नानाले इंग्रजी भूत लागनं का वं?" मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मी आपली मॅट्रिक. पण ओट्यापाशी उभी राहून त्यांची शिकवणी ऐकलीय. गवती छपरावरून मांजरं-कुत्री घसरायची म्हणून मुसळधार पावसाला तसं म्हणतात, असं मुलं सांगायची. नाना म्हणायचे, "दंतकथा रे! खरं मूळ कोणालाच माहीत नाही."

सोमवारी तुझा फोटो पुसत होते. नाना स्पष्ट बोलले, "बरी द हॅचेट." हे मला पाठ आहे. अमेरिकेतल्या जुन्या जमाती तह करताना कुऱ्हाड जमिनीत पुरायच्या. म्हणजे वैर मिटवणं. प्रज्ञाशी लग्न केलंस म्हणून तुला उंबऱ्याबाहेर काढणारा हाच माणूस! मी देवापुढे साखर ठेवली. नानांनी माफ केलं, असं तुला कळवायचं ठरवलंच होतं.

पण डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काकू, त्यात अर्थ शोधू नका. पाठ असलेलं आपोआप बाहेर पडतं." आणि खरंच, काल नाना तेच पंख्याकडे बघून म्हणाले. मलाही म्हणाले. मी कोण, ते त्यांना कळत नाही, ज्ञाना. दुसरा झटका आला तर निभणार नाही, असंही डॉक्टर बोलले.

तेव्हा नानांनी बोलावलंय, असं आज गुरुवारी खोटं लिहवत नाही. मी बोलावतेय. दोघं या. प्रज्ञाला मी ओवाळीन. नाना तुमच्याकडे बघून काय बोलतील, सांगता येत नाही. काहीही बोलले तरी जेवून जा.

फक्त स्वतःच्या वतीने,
तुझी आई