ज्याचं तिकीट त्यानेच

प्रिय ठकू,

तू रागावली आहेस हे तुझ्या गप्प बसण्यावरूनच कळतं. दोनदा तू स्टेशनवर आलीस, गाडी रिकामी होईपर्यंत थांबलीस आणि एकटीच घरी गेलीस. दोन्ही वेळा तुला आधी कळवायचं मला धाडस झालं नाही, मागाहून फोनवर गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे गं. मी बोलत होते तेव्हा माझा लेक, तुझा भाचा, समोरच पेपर धरून बसला होता, आणि पान काही उलटत नव्हता.

पहिल्या वेळी मी तिकीट राजरोस जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. त्याने पाहिलं, "बघू" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याचं दुकान बंद करून येताना परत करून आला. आवाज चढवला नाही. तुला एवढा प्रवास झेपणार नाही, धाकट्या नातीला शाळेतून कोण आणणार, सुट्टी लागली की सगळेच जाऊ, असं समजुतीनं सांगत राहिला. सुट्टी लागली आणि संपलीही. दुसऱ्या वेळी मी शहाणपणा करून तिकीट शिलाई मशीनच्या खणात लपवलं. सुई शोधताना ते सुनेच्या हाती लागलं, आणि पुन्हा तेच झालं.

तो वाईट नाही, ठकू. माझी औषधं संपायच्या आत आणतो. माझ्या चष्म्याच्या काचा दुकानातल्या कारागिराला न देता स्वतः घासून बसवतो. पण मी घरात कुठे आहे हे त्याला सतत माहीत असावं लागतं. गच्चीवर जरा रेंगाळले की जिन्यात त्याच्या चपला वाजल्याच. त्याचे वडील गेले तेव्हापासून हे वाढत गेलंय. रागावणाऱ्याशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला आजवर जमलेलं नाही. रात्री त्याने दाराला कडी लावली की मी पंख्याकडे बघत जागी पडून राहते.

या वेळी खालच्या मजल्यावरच्या औषधवालीनं मला तिकीट काढून दिलं. मी ते उशीच्या अभ्र्यात सरकवलं. सुनेनं नेमके त्याच दिवशी अभ्रे धुवायला काढले, आणि मी अंघोळ करून येईस्तोवर ते त्याच्या खिशात गेलेलं. संध्याकाळी तो घुश्शातच घरी आला. तिकिटांचा नियम बदललाय म्हणे. दलाल दुसऱ्यांच्या नावावर ढीगभर तिकिटं काढून ठेवत, नाही खपली की परत करत. त्यांना आळा घालायला आता न वापरलेलं तिकीट ज्याच्या नावावर असेल त्यानेच, ओळखपत्र घेऊन, स्वतः खिडकीवर येऊन परत करायचं. मुलगा असो की नवरा, दुसऱ्या कुणाचं चालणार नाही. "उद्या माझ्याबरोबर चल, दोन मिनिटांचं काम आहे," एवढंच तो मला म्हणाला.

मी गेले. स्कूटरवर मागे बसून, त्याच्या खांद्याला धरून, निमूटपणे गेले. वाटेत तो गोड बोलत होता आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. रांग लांबलचक होती. पुढे एक एक माणूस कमी होत गेला. वाटत होतं, खिडकी बंद व्हावी, वीज जावी, काहीतरी व्हावं आणि मला बोलायची वेळच येऊ नये. खिडकीत एक तरुण बाई होती, सर्दीनं नाक लाल झालेली. तिनं तिकीट बघितलं, ओळखपत्र बघितलं, मग काचेतून माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला परत करायचंय ना?" तुझा भाचा म्हणाला, "हो." तिनं त्याच्याकडे बघितलं. "मी त्यांना विचारलं."

नियम होता म्हणून तिनं विचारलं, दिवसभर सगळ्यांना विचारत असेल. पण ठकू, मला असं कुणी शेवटचं कधी विचारलं होतं ते आठवेना. मागचा माणूस घाई करत होता. तुझा भाचा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आई, लोकांसमोर तमाशा नको." मी म्हणाले, "नाही करायचं परत. मला जायचंय." माझाच आवाज मला परका वाटला. बाईनं तिकीट काचेखालून बाहेर सरकवलं. आम्हा दोघांचेही हात पुढे झाले, आणि मी ते आधी उचललं.

येताना मी त्याच्या खांद्याला धरलं नाही, मागची दांडी धरून बसले. तो वेडीवाकडी चालवत होता, एकदा तर ट्रकखालीच गेलो असतो. घराच्या जिन्यात अर्ध्यावर तो थांबला. मागे वळला नाही. भिंतीकडे बघत विचारलं, "परत येणार आहेस ना?" लहानपणी मी त्याला शाळेच्या दारात सोडायचे तेव्हा विचारायचा ना, त्याच आवाजात. मी त्याच्या बाजूनं वर चढून गेले. तेव्हापासून घरात सगळे भांडी वाजू न देता जेवतात. तिकीट मी औषधवालीकडे ठेवलंय.

तिच्या फोनवरून तुझ्याशी बोलता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटेल आणि मुद्दा राहून जाईल. म्हणून हे पत्र, तिच्या भावाच्या हाती. तुझे यजमान गेले तेव्हा तू म्हणाली होतीस, ताई, ये, दोघी मिळून राहू. ते तू दुःखात बोलून गेलीस की मनापासून, हे मी कधी विचारलं नाही. आज विचारते. नाही म्हणालीस तरी पुढच्या आठवड्यात मी येईनच, चार दिवस राहीन आणि तुझ्याबद्दल मनात काही न धरता परत जाईन. पण हो म्हणणार असलीस तर मी निघायच्या आत औषधवालीकडे निरोप ठेव. जिन्यात त्यानं जे विचारलं त्याचं खरं उत्तर मला निघण्याआधी, त्याच्यासमोर बसून द्यायचंय. आई मला न सांगता निघून गेली, असं त्याला आयुष्यभर वाटू नये. तो माझा मुलगा आहे, ठकू.

तुझीच,
ताई