ढिल्या केलेल्या तारा

आप्पा, एक गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय हातातलं काम पुढे सरकत नाहीये. आईला ती सांगायची नाही असं आमचं ठरलंय, आणि घरात बाकी कुणाला तिचं काही वाटणार नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. सकाळपासून चहा केला, गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला. पेणला आज उघडीप आहे. शेजारच्या कारखान्यात गणपतीचे साचे धुऊन उन्हात मांडून ठेवलेत. मी लिहिता लिहिता उठते, कोपऱ्यात उभ्या केलेल्या तुमच्या बेस गिटारपाशी जाते, एक तार छेडते, हाताने दाबून बंद करते आणि परत येऊन बसते. गोष्ट त्या तारांचीच आहे.

रोह्याचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही धाटावहून पहिली शिफ्ट करून आला आहात. कंपनीचा वास अजून शर्टाला आहे. जेवण झालंय, आई नुकतीच आडवी झालीये, आणि तुम्ही हळूच तिचं भाताचं मोठं पातेलं काढून स्टोव्हवर पाणी ठेवताय. पाण्याला उकळी फुटली की गिटारच्या चारही तारा वेटोळी करून त्यात सोडायच्या. काही वेळाने पाणी काळपट होतं, वर तेलकट तवंग येतो, आणि तुम्ही तो मला वाकून दाखवताय, जणू काही मोठं रहस्य. नव्या तारा मुंबईहून आणाव्या लागत, म्हणून जुन्याच उकळून पुन्हा चढवायच्या. उकळलेल्या तारा अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून टांगलेल्या असत. आई उठायची, पातेलं बघायची, आणि तुमच्याशी न बोलता मला म्हणायची, "तुझ्या बापाने शेवया केल्यात. जाड झाल्यात जरा. वाढू?" तुम्ही मान खाली घालून हसायचात. रविवारी पुन्हा तेच पातेलं असायचं.

एकदा तुम्ही मला रागावलात ते आठवतं. मी चौथीत असेन. कैरीला मीठ-तिखट लावून खात होते आणि तुम्ही गिटार भिंतीला टेकवून बाहेर गेलात तसं मी जाड तारेवरून बोट फिरवलं. तुम्ही परत आलात, तारेवर बोट टेकवून पाहिलंत, आणि काही न बोलता माझा हात धरून मोरीत नेलंत. साबण लावून एकेक बोट धुतलंत. मग म्हणालात, "हात वाजवून झाल्यावर धुवायचे नसतात. वाजवायच्या आधी धुवायचे." मी रडले. पण त्या दिवसापासून तारा पुसायचं काम माझ्याकडे आलं. तुमच्या जुन्या बनियनचा तुकडा घेऊन, तारेच्या खालून घालून, चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. तुम्ही शेजारी बसून सांगत असायचात. बोट पडद्याच्या, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्टीच्या, डोक्यावर ठेवू नकोस, त्याच्या जरा अलीकडे ठेव. फार जोर लावू नकोस, उद्या मनगट दुखेल. तार वाजवलीस तशी ती बंदही करायला शीक, नाहीतर पुढच्या सुरात आधीचा सूर मिसळतो आणि सगळा चिखल होतो. आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, ड्रमवाल्याच्या पायाकडे बघ.

ड्रमवाला असायचाच कुठे म्हणा. तुमचा तो कंपनीतल्यांचा ऑर्केस्ट्रा हळदीला आणि गणपतीत वाजवायचा, पण सरावाला सगळे एकत्र कधीच नसायचे. एकाची पहिली शिफ्ट, दुसऱ्याची दुसरी, तिसरा रात्रपाळी करून डोळे चोळत आलेला. म्हणून तुमचा नियम होता, ज्याची शिफ्ट असेल त्याचं वाद्य बाकीच्यांनी तोंडाने वाजवायचं. ड्रमवाला कामावर असला की त्याचं काम माझ्याकडे यायचं. मी पाटावर बसून तोंडाने धुम-टक करायची आणि तुम्ही बेसवर, डोळे मिटून, माझ्या तोंडाच्या ड्रमला धरून. मी चुकले तर तुम्हीही माझ्याबरोबर चुकायचात. मला वाटायचं, तुमच्या लक्षात आलं नाही. आता मी स्वतः वाजवते तेव्हा कळतं, की ते मुद्दाम होतं. ज्याच्या मागे जायचं त्याच्याबरोबर चुकायलाही लागतं.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात घर बायकांनी भरलेलं होतं. गिटार कोपऱ्यात तिच्या स्टँडवर होती. तेरा दिवस पूर्ण व्हायच्या आधीच केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की तारा ढिल्या होऊन लोंबतायत. मी आईला विचारलं. "सुतक हाय," एवढंच ती म्हणाली. मला पटलं. सुतकात कुणी चुकून वाजवू नये म्हणून केलं असेल. नंतर तिने गिटार रेक्झिनच्या कव्हरमध्ये घालून कपाटावर चढवली. तारा मात्र पुन्हा कुणी पिळल्या नाहीत. रोह्याचे कितीतरी पावसाळे ती तिथे तशीच आडवी पडून होती.

मी पेणला नांदायला आले, नोकरी, मुलगी, सासूबाईंचं आजारपण, आणि मग चाळिशी उलटल्यावर अचानक एक दिवस पुन्हा वाजवावंसं वाटलं. इथे आमचा एक हौशी ग्रुप आहे. कीबोर्डवर माझ्याच शाळेतले एक सर, ड्रमवर एक दाताचे डॉक्टर, आणि गाणारी हमरापूरची. ती मूर्तींची आखणी करते, म्हणजे गणपतीचे डोळे रंगवते. तिच्यामुळे आमचा कार्यक्रम गणपतीत कधी होत नाही. तेव्हा तिच्या कारखान्यात मान वर करायला कुणाला फुरसत नसते. जगाचे गणपती गेले, की मग पुढच्या संकष्टीला या मूर्ती करणाऱ्यांच्या घरी स्वतःचा गणपती बसतो, साखरचौथीचा. आम्ही वाजवतो तो त्यांच्याकडे. पितृपंधरवडा असतो म्हणून माझ्या पुण्याच्या जावेला ते विचित्र वाटतं. इथे कुणाला वाटत नाही.

यंदा सराव सुरू झाला आणि मी इतके दिवस वाजवत होते ती उसनी बेस जिची होती तिच्याकडे परत गेली. कीबोर्डवाले सर म्हणाले, हरकत नाही, मी डाव्या हाताने बेस सांभाळतो. सगळे म्हणाले, हो, होईल की. ते इतक्या पटकन म्हणाले, की मला दोन दिवस झोप लागली नाही. शेवटी हमरापूरचीच म्हणाली, "बापाची ठेवलीस ना रोह्याला? का दसऱ्याला पूजा करायला ठेवलीस?"

मी गाडीने रोह्याला गेले. कासू गेलं, नागोठणं गेलं, मी आईला काय सांगायचं ते मनात पाठ करत होते, आणि तिने तर एका शब्दासरशी कव्हरसकट गिटार खाली काढून दिली. पण मी चेन उघडली तशी ती जवळ येऊन उभी राहिली. तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या. जिथे तुमची बोटं जास्त फिरायची, तिथे काळा थर तसाच होता. आईने त्या थराला हात लावला नाही, नुसता जवळ नेला. "ने. पन तारा नको काढूस गो. हात हाय त्यांचा त्याच्यावर."

मी हो म्हटलं. आणि तिथून माझी घालमेल सुरू झाली.

तुम्हाला दांड्याच्या आतल्या लोखंडी सळईचं काही सांगायला नको, ती तुम्हीच एलन-कीने, त्या सहाकोनी चावीने, आवळलेली होती. तारा पुढे ओढतात आणि सळई मागे ओढते, त्या दोघांच्या भांडणात दांडा सरळ राहतो. तारा ढिल्या पडल्या आणि सळई एकटीच इतकी वर्षं मागे ओढत बसली. दांडा मागे वाकला होता. तारा पिळल्या तर प्रत्येक सूर पडद्यांवर घासून खर्र वाजायचा. बेस वाजवणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या एका ग्रुपवर मी फोटो टाकला. एकाने लिहिलं, दांडा दुपारभर उन्हात ठेवा. दुसऱ्याने लिहिलं, उन्हात ठेवणार असाल तर सरळ चुलीतच घाला. तिसऱ्याने विचारलं, विकायची आहे का. चौथ्या कुणीतरी मात्र नीट समजावलं. सळई अगदी थोडी सैल करा, तारा सुरात पिळा, एक दिवस हात लावू नका, मग बघा, मग पुन्हा थोडी. घाई केली तर दांडा जाईल. पण त्यासाठी तारांना पूर्ण ताण हवा, आणि या तारा तो घेणार नाहीत. जाड तारेवरचं बारीक तारेचं वेटोळं बुडाशी उसवलंय, दिसतंय फोटोत. त्या बदला.

मी बदलल्या नाहीत. शाळेतून यायची, गिटारसमोर बसायची, तुमची एलन-की हातात घेऊन सळई थोडी सैल करायची, तारा भीत भीत पिळायची, कट्ट आवाज आला की दचकून परत ढिल्या करायची. दांडा होता तिथेच. सरावाला जाऊन मी टाळ्या वाजवत बसायची आणि कीबोर्डवाल्या सरांचा डावा हात बघायची. चांगला चालायचा तो, हेच वाईट होतं.

एकदा मी भात लावला होता. पातेल्यावर तांदळाचा फेस आला आणि मी तो पळीने काढून मोरीत टाकायला गेले. टाकताना हात थांबला. आई जो काळा थर तुमचा हात म्हणून जपत होती, तो तुम्ही स्वतःच तर तिच्या पातेल्यात उकळून मोरीत ओतून देत होतात. दर वेळी. तुम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी गॅस बंद केला आणि आईला फोन लावला, तो थर आणि ते पातेलं असं काहीतरी भरभर बोलत सुटले. फोन कटला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"हाय मी," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "सुतकाचं तुला खोटं सांगितलं होतं."

भेटायला बायका यायच्या, ती सांगत होती, कुणी जोरात बोललं, कुणी गळा काढला, की कोपऱ्यातली गिटार आपोआप बारीक गुणगुणायची. आधी तिला कळेना आवाज कुठून येतो. मग कळलं. वाजवलं नाही तरी तारा खोलीतला आवाज पकडतात, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. "मला वाटं, मी रडले की ते कायतरी बोलतायत. म्हनून मी रडायची. मुद्दाम. मग मलाच भीती वाटली, म्हटलं हे थांबायचं नाय. सगळी झोपली तवा पीळ सोडले." मागे तिच्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या. "काढ तू," ती म्हणाली. "पन कधी काढल्यास ते मला सांगू नको."

म्हणून हे तुम्हाला सांगतेय. तारा मी काढल्या. एका रविवारी दुपारी, हात धुऊन. मला वाटलं होतं रडू येईल, पण जाड तार बोटाला टोचली आणि नुसता संताप आला, कुणावर ते माहीत नाही. काढलेल्या तारा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवल्यात. टाकवत नाहीत, आणि ठेवून काय करायचं तेही सुचत नाही. नव्या चढवल्या, सळई रोज थोडी थोडी करत राहिले, आणि दांडा हळूहळू पुढे आला. पहिल्यांदा स्वच्छ सूर निघाला तेव्हा तो मला परका वाटला. टणक, चकचकीत, दुकानातल्या भांड्यासारखा. तुमचा आवाज मऊ होता, उकळून उकळून मऊ झालेला.

काल साखरचौथ झाली. हमरापूरला, आमच्या गाणारीच्या अंगणात आम्ही वाजवलं. कीबोर्डवाल्या सरांनी डावा हात मांडीवर ठेवला होता. आई येईल असं वाटलं नव्हतं, पण शेजारणीला घेऊन रोह्याहून आली आणि सगळ्यात मागे, कुंपणापाशी खुर्ची टाकून बसली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सबंध कार्यक्रम तिच्याकडेच बघत राहिले. ती गाणाऱ्या बाईकडे बघत होती. नंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन माझ्याजवळ आली, गिटारकडे पाहिलं नाही, आणि म्हणाली, "ते वाजवायचे तवा मला कधी ऐकू आलं नाय. नुसतं कळायचं, हायत म्हनून. तू ऐकू येतेस."

तिने वाटीतला अर्धा मोदक मोडून मला दिला आणि शेजारणीला शोधायला गेली.

आता हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. दुसऱ्या गाण्याला साउंडवाल्याने मला हाताने खूण केली होती, बेस कमी करा, मागपर्यंत फार जातोय. मी त्याची खूण पाहिली होती. आवाजाचं बटण माझ्या हाताशी होतं. मी उलट ते थोडं वाढवलं. सांगू नकोस असं आई म्हणाली होती, आणि तोंडाने मी सांगितलं नाही.