संदीपच्या दोन गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ. पिंपरी, हॉस्पिटल, खाटेशेजारचा बाक.

संदीप आज चाकणहून, कंपनीतून, दुपारीच घरी आला. पाठदुखीची नवी गोळी कालच सुरू केलेली. अंगभर घाम, आणि पाय आपोआप उडत होते. मी दाबून धरले तरी थांबेनात.

इथे डॉक्टरांनी विचारलं, “आणखी कुठली औषधं चालू आहेत?” संदीपने माझ्याकडे बघून मान हलवली, सांगू नको. उदासीची गोळी तो वर्षभर घेतोय, हे फक्त मला ठाऊक. कंपनीत कळेल, ही त्याची भीती. मी सांगून टाकलं.

“बरं झालं बोललात, ताई. मिस्टरांच्या दोन्ही गोळ्यांनी मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं. बेताचं असलं तर मन सावरतं, फार झालं तर जिवावर बेततं.”

मी गप्प राहिले असते तर?

आता सलाइन चालू आहे. सारखी चादर उचलून त्याचे पाय बघतेय. कमी झालंय ना? झालंय. “का सांगितलंस गं?” एवढंच म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

डॉक्टर म्हणतात, एक-दोन दिवसांत उतरेल. पण सध्या उदासीची गोळीही बंद ठेवायची. ती सुरू होण्याआधीचा संदीप मला आठवतो. तेव्हा मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावून झोपायचे. घरी गेल्यावर ते कुलूप शोधायला हवं.